निवटी, दहावी ब

श्रीखंडाच्या डब्यात
हर्षदा वैतीने खाडीचा मूठभर चिखल आणला
आणि त्यात दोन डोळे.
"बाई, झाकण उघडू? उडी मारते ती."

तोवर माझं फळ्यावर लिहून झालं होतं : अनुकूलन.
खाली व्याख्या, दोन गुणांना पुरेल एवढी.

डबा बाकांवरून फिरला.
पुढचे दोन पर रोवून
कोपरांवर रांगणाऱ्या बाळासारखा
तो मासा कडेपर्यंत आला
आणि त्याने अख्ख्या वर्गाकडे पाहिलं.
मी सांगितलं : कल्ल्यांशी पाणी साठवते,
ओल्या कातडीतूनही श्वास घेते,
डोळे डोक्यावर, कारण धोका वरून येतो.
हर्षदा म्हणाली, "ओली ठेवली की झालं. मरायची नाय."
तिचं उत्तर माझ्यापेक्षा आखूड होतं
आणि बरोबर.

सुफियान शेवटच्या बाकावरून :
"बाई, ही मासा सोडून काय व्हायला निघालीय?"

कुठंच नाही रे.
ती पोचलेली आहे.
चिखल हा तिचा मधला थांबा नाही, पत्ता आहे.

आमच्या भिंतीवर कुणा देणगीदाराने रंगवून घेतलंय :
जो बदलतो तोच टिकतो.
दरवर्षी या धड्याला मी त्या अक्षरांकडे पाठ करून उभी राहते.
कुणी ठरवून बदलत नाही, मुलांनो.
हजार पिल्लांत एखादं जरा वेगळं निघतं,
भरती येते, ओहोटी येते, बगळा येतो,
जी उरतात त्यांना पिल्लं होतात.
पुन्हा भरती.
असं इतक्या वेळा, की मोजायला
ट्रॉम्बेच्या सगळ्या शाळांच्या वह्या पुरणार नाहीत.
यात जिद्द नाही. शाबासकी नाही.

खिडकीबाहेर तिवरं,
चिखलातून नाकं वर काढून बसलेली त्यांची मुळं,
त्यापलीकडे रिफायनरीची ज्योत, दिवसाही पेटलेली.
मी बाण काढत गेले :
तिवराचं पान, खेकडा, निवटी, बगळा.
बाणाचं टोक खाणाऱ्याकडे,
हे दरवर्षी निम्मा वर्ग उलटं काढतो.
"आणि माणूस कुठे?"
"तव्यापाशी, बाई!"
वर्ग हसला. हर्षदा हसली नाही.
"आधी जेट्टीखालीच मिळायची.
आता आबा तासभर वल्हवतात, तेव्हा डबाभर."
मी बगळ्यापुढचा खडू थांबवला.
या गोष्टीला बाण कसा काढायचा
पुस्तकात दिलेलं नाही.

मग सुफियानच पुन्हा. या वेळी हळू.
त्याच्या शेजारची जागा दिवाळीपासून रिकामी आहे,
दप्तर ठेवायला तो ती वापरतो.
"म्हणजे दीपेश टिकला नाही, असंच ना?"

दीपेश घाटविसावे. रोल नंबर एकवीस.
सुट्टीत वस्ती उठली, पाच गल्ल्या एका सकाळी.
दाखला न्यायलाही कुणी आलं नाही.

"नाही," मी म्हणाले,
लागत होतं त्याहून मोठ्याने.
निवटीने डब्यात बुडी मारली.
"भरतीवर कुणाची सही नसते.
बुलडोझरच्या कागदावर असते.
हा धडा माशांना लावायचा. त्याला नाही लावायचा."

कुणीतरी विचारलं, "बाई, हे परीक्षेत येतं?"
"नाही येत."
दोघातिघांनी तरीही लिहून घेतलं.
काय लिहिलं ते मी पाहिलं नाही.

मधल्या सुट्टीत आम्ही जेट्टीपर्यंत गेलो.
हर्षदाने डबा आडवा धरला.
निवटी पडली, क्षणभर तशीच राहिली,
एक डोळा आत ओढून ओला करून परत वर काढला,
मग परांवर परांवर
एका बिळात. चिखलावर
बारीक शिवणीसारखी खूण,
तीही पाणी आल्यावर जाणार.

हर्षदा डबा विसळत होती.
"बाई, तुम्ही खाता ना?
रविवारी आणते तुमच्यासाठी. ह्याच्याहून मोठ्या."
मी मान हलवली.
हो म्हणाले की नाही, तिलाच माहीत.